जुन्या जिप्सीचा ब्रेक मास्टर शोधताना: गाडीचं नाव नको, माप सांगा

बाबांची १९९७ सालची जिप्सी किंग माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या ब्रेकला एक खोड होती. तीन हात नाक्याच्या लांब सिग्नलला पाय ठेवून थांबलं की पेडल हळूहळू खाली जायचं. दिवा हिरवा होईपर्यंत ते पार फळीला टेकायचं. दोन-तीनदा पंपिंग केलं की पुन्हा वर. बाहेर कुठे थेंबभर तेल नाही, चाकं कोरडी, ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी जशीच्या तशी. मास्टर सिलिंडर, म्हणजे पायाचा जोर तेलाच्या दाबात बदलून चाकांपर्यंत पोचवणारा भाग, आतून गेला होता.

तो बदलायला मला पाच आठवडे लागले. कळव्यातून कुर्ल्याला, तिथून ऑपेरा हाउसला, मग वागळे इस्टेटला असे खेटे झाले, आणि दोन चुकीचे मास्टर घरी आले. प्रत्येक दुकानात मी एकच वाक्य बोलत होते: "जिप्सीचा ब्रेक मास्टर द्या." सगळी चूक त्या वाक्यात होती. ठाणे-नवी मुंबईत कुणी नुकतीच जुनी जिप्सी किंवा जीप घेतली असेल आणि पहिल्यांदाच हा भाग शोधत असेल, तर हे सगळं त्यांच्यासाठी. ब्रेकचं काम आहे, घाई करू नका. आणि पेडल बसत असेल तर आजपासून गाडी उभी करा. गॅरेजपर्यंत न्यायची झाली तर सपाट पाटाच्या टोइंग गाडीवर न्या. दोरी बांधून ओढत नेलेल्या गाडीलाही ब्रेक लागतोच.

१. दोष मास्टरचाच आहे ना, ते आधी बघा

इंजिन बंद ठेवून पेडल मध्यम जोराने दाबा आणि तसंच अर्धा-एक मिनिट धरा. ते सावकाश खाली सरकत राहिलं आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टरच्या आतले रबरी वायसर तेल पुढून मागे सोडताहेत.

पेडल सरकत नाही, पण पहिल्या दाबाला खोल जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येतं? मग आधी मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट बघा. लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) झिजून ड्रमपासून लांब गेले की असंच होतं. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनीत हवा आहे. डबीतलं तेल कमी होतंय पण दिसत कुठेच नाही, तर दोन जागा तपासा: मागच्या चाकांच्या आतले व्हील सिलिंडर (ड्रम उघडूनच दिसतात), आणि बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) असेल तर मास्टर आणि बूस्टरच्या मधली फट. मास्टरचे नट सोडून तो जरा पुढे ओढला की मागे ओल दिसते. बूस्टर नसेल तर तेच तेल पेडलच्या दांड्यावरून आत ओघळतं. पायाखालच्या मॅटखाली हात घालून बघा.

आपल्याकडे हा भाग लवकर का जातो, याचं कारण हवेत आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. खाडीकाठच्या पावसाळ्यात चार महिने उभी असलेली, वर्षानुवर्षं तेल न बदललेली गाडी म्हणजे सिलिंडरच्या आत पाणी साठवणंच. बोअरला, म्हणजे पिस्टन ज्या गोल पोकळीत सरकतो तिला, गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि वायसर त्यावर घासून फाटतात. म्हणूनच नुसतं किट (आतल्या रबरी भागांचा संच) बदलून भागेल का, हा प्रश्न बोअर उघडल्याशिवाय सुटत नाही.

२. तुमची गाडी कोणती, हे कागदावरून आणि डोळ्यांनी ठरवा

जिप्सी म्हणजे एकच गाडी नव्हे. १९८५ च्या शेवटी आलेली पहिली एमजी ४१०, तिचं ९७० सीसीचं इंजिन. १९९३ मध्ये रुंद ट्रॅकची एमजी ४१० डब्ल्यू. १९९६ मध्ये १.३ लिटरची एमजी ४१३ डब्ल्यू, म्हणजे किंग. २००० मध्ये तिलाच एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनचं इंजिन. या प्रवासात ब्रेकही बदलत गेले. बिनबूस्टरच्या गाड्या आहेत, बूस्टरच्या आहेत.

आरसी बुकवर मात्र बहुतेकदा नुसतं 'जिप्सी' असतं. त्यावरून उत्पादनाचा महिना-वर्ष आणि चासी नंबर उतरवून घ्या, बॉनेटखालच्या पट्टीशी ताडून बघा. मग बॉनेट उघडून स्वतः पाहा: मास्टरच्या मागे मोठा गोल काळा डबा आहे का? तो बूस्टर. पुढच्या चाकांना डिस्क आहे की ड्रम? मास्टरमधून किती पाइप निघतात?

आता पहिला सापळा. या गाड्या चार-पाच मालकांच्या हातून गेलेल्या असतात. कुणी दुसऱ्या गाडीचा बूस्टर बसवलेला असतो, कुणी पुढचे ड्रम काढून डिस्क लावलेल्या असतात. त्यामुळे आरसीवरचं वर्ष तुमच्या ब्रेकचं वर्ष असेलच असं नाही. गाडीवर आत्ता बसलेला मास्टर मूळचाच आहे, हेही धरून चालू नका. आधीच्या मालकाशी संपर्क असेल तर एक फोन करा. मला बाबांच्या जुन्या बिलांच्या पिशवीत २००९ ची एक चिठ्ठी सापडली, 'मास्टर किट बदली', तेव्हा कळलं की निदान बॉडी तरी जुनीच आहे.

महिंद्राची जुनी सीजे-थ्री-बी घराण्यातली जीप असेल तर मास्टर बॉनेटखाली शोधू नका. तो पायाखाली, फळीच्या खाली चासीला असतो आणि सगळा चिखल-पाणी त्याच्याच अंगावर उडतं.

३. जुना मास्टर काढून नीट मोजा

इथे वेळ घाला. इतर सगळं यावर उभं आहे.

लागणारी हत्यारं: व्हर्नियर, नळीच्या नटांसाठीचा फ्लेअर पाना (साध्या फिक्स पान्याने पितळी-लोखंडी नट गोल होतात आणि पाइप पिळतो), टॉर्च, सर्क्लिप प्लायर, रंगीत चिकटपट्टी, झाकणाची बाटली आणि भरपूर चिंध्या. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पाइप सोडण्याआधी पुढचा कोणता, मागचा कोणता, यावर वेगवेगळ्या रंगाची पट्टी लावा आणि फोटो काढा. मग हे उतरवा:

बोअर. हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आणि बहुतेक मास्टरच्या बॉडीवर तो उठावात कोरलेला असतो. तारेच्या ब्रशने घासा, टॉर्च आडवी धरा. इंचात असेल तर ३/४, १३/१६, ७/८, १५/१६ किंवा १ असा दिसेल. मिलिमीटरमध्ये तेच अनुक्रमे १९.०५, २०.६४, २२.२२, २३.८१ आणि २५.४. गॅरेजात हेच सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून ३/४ ला सहा सूत, १३/१६ ला साडेसहा सूत, ७/८ ला सात सूत. आकडा पुसलेला असेल तर सर्क्लिप काढून पिस्टन बाहेर घ्या आणि बोअरच्या तोंडाशी आतलं माप घ्या.

फ्लँजच्या (मास्टर जिथे नटांनी बसतो त्या चपट्या कडेच्या) दोन भोकांमधलं अंतर. मध्यापासून मध्यापर्यंत मोजणं अवघड जातं. एका भोकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजा आणि त्यात एका भोकाचा व्यास मिळवा.

पिस्टनच्या मागच्या खळगीची खोली, म्हणजे ज्या खळगीत दांडा टेकतो ती. फ्लँजच्या पाठीपासून खळगीच्या तळापर्यंत मोजा. हे माप मी घेतलं नव्हतं. त्याचं काय झालं ते सहाव्या पायरीत येईल.

पाइपच्या भोकांची संख्या, दिशा आणि आटे. डबी कुठे, तिरकी की सरळ. पातळीची वायर असेल तर तिचा कनेक्टर.

मारुतीचा अस्सल भागाचा नंबर कुठे मिळाला तर तोही लिहा. सुझुकीच्या पद्धतीत पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात. मास्टर सिलिंडरला ५११००, मग मधे 'एम' आणि पुढचे आकडे मॉडेलप्रमाणे. पुढचे आकडे वेगळे असतील तर भाग वेगळा, दिसायला जुळा असला तरी.

४. बोअर बदलला तर काय होतं

माझा पहिला मास्टर दिसायला हुबेहूब होता. भोकं जुळली, पाइप जुळले. बसवून हवा काढली तेव्हा पेडल एकदम वर आणि कडक आलं. मिस्त्रीकाका म्हणाले, "ताई, आता बघा कसा दगडासारखा ब्रेक आहे." मलाही आनंद झाला. माजिवड्याचा पूल उतरताना समोर रिक्षा आडवी आली आणि मी पाय दिला, तर पेडल कडकच, पण गाडी थांबायला तयार नाही. अक्षरशः सीटवरून उठून पेडलवर उभी राहिले, तेव्हा हातभर अंतर ठेवून थांबली.

घरी येऊन दोन्ही बॉडींवरचे आकडे शेजारी धरले. नवा एक सूत मोठा होता. बूस्टरच्या गाडीचा असावा.

हिशेब साधा आहे. पायाचा जोर तोच, पण पिस्टन मोठा झाला की तो जोर जास्त क्षेत्रफळावर वाटला जातो आणि लाइनीतला दाब कमी होतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. सहा सुतावरून सात सुतावर गेलात तर ते ३६ टक्के वाढतं, म्हणजे तितक्याच ब्रेकसाठी पायाला ३६ टक्के जास्त जोर. सातावरून एक इंचावर गेलात तर जवळपास ३१ टक्के. बदल्यात पेडलचा प्रवास कमी होतो, म्हणून ते 'कडक' वाटतं. बूस्टर असेल तर तो वाढीव जोर भरून काढतो, नसेल तर तुमच्या मांडीला भरावा लागतो. उलट, लहान बोअर घातला तर पाय हलका पण पेडल खोल. चाकातले पिस्टन भरायला तेल पुरण्याआधीच ते फळीला टेकू शकतं.

कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक नव्हे. दुकानात, गॅरेजात सगळे पेडल दाबून 'झकास' म्हणतील. खरा निकाल गाडी किती अंतरात थांबते यावर.

ड्रम आणि डिस्कचाही फरक आहे. जुन्या ड्रमच्या मास्टरमध्ये काही वेळा लाइनीत थोडा दाब अडवून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तोच मास्टर डिस्कला जोडला तर पॅड कायम घासत राहतात.

५. कुठे शोधायचं, काय विचारायचं

नवीन भाग हवा असेल तर आधी मारुतीच्या अस्सल पार्टच्या काउंटरवर चासी नंबर देऊन चौकशी करा. मिळाला तर पुढची निम्मी धावपळ वाचते. नाही मिळाला तर चर्नी रोड स्टेशनजवळचा ऑपेरा हाउसचा स्पेअर पार्टचा बाजार. तिथे जुन्या गाड्यांचे भाग ओळखणारी, नंबर तोंडपाठ असणारी माणसं आजही बसतात. रविवारी जाऊ नका. सकाळी लवकरही नको, शटर उघडून काउंटर हलके होऊ द्या, म्हणजे कुणीतरी माप घेऊन बोलायला मोकळं असतं.

कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या मालासाठी. पेडलचा ब्रॅकेट, बूस्टरचा ब्रॅकेट, पाइपांचे क्लॅम्प हे तिथून बिनधास्त घ्या. वापरलेला मास्टर मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. त्याचा बोअर तुमच्या जुन्यासारखाच गंजलेला असण्याची शक्यता दाट.

काउंटरवर जुना मास्टर घेऊन जा. तेल पूर्ण गाळून, पुसून, जाड पिशवीत. सोबत पाइपचा एक जुना नटही. आणि वाक्य असं: "अमुक बोअर, दोन पाइप, बूस्टर नाही, पुढे डिस्क मागे ड्रम, फ्लँजचं अंतर इतकं." हे ऐकल्यावर दुकानदाराचं बोलणं बदलतं. पहिल्या खेपेला ज्या काउंटरवर मला दोन मिनिटांत वाटेला लावलं होतं, त्याच काउंटरवरचे आजोबा या वेळी माळ्यावर चढून तीन खोकी घेऊन आले.

खोकं उघडल्यावर: बोअरचा आकडा वाचा. टॉर्चने आत बघा, भिंत आरशासारखी हवी. वर्षानुवर्षं पडून असलेल्या मालात नवीन असूनही गंज आणि कडक झालेलं रबर असतं, म्हणून पॅकिंगची तारीख विचारा. पिस्टन बोटाने दाबून सोडा, तो न अडखळता परत आला पाहिजे. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, ओतकामाला धारदार कडा असतील तर परत ठेवा.

मग तुमचा जुना नट हाताने फिरवून बघा. हा दुसरा सापळा, आणि माझा दुसरा मास्टर याच्यातच गेला. जपानी घराण्याच्या गाड्यांत १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर अंतराचे आटे सर्रास असतात. अमेरिकी घराण्याच्या जीपमध्ये ३/८ इंचाचे, इंचाला २४ आटे. व्यासात अर्धा मिलिमीटरही फरक नाही. त्यामुळे इंची नट मिलिमीटरच्या भोकात गुमान जातो, दोन-तीन आटे धरतोही, पण डुलतो. तसाच पान्याने आवळला तर आटे सोलतात, आणि नेमका जोरात ब्रेक मारल्यावर पाइप सुटतो. नट हाताने चार-पाच आटे गुळगुळीत गेला पाहिजे आणि जराही डुलता कामा नये. भोकाच्या तळाची बैठक आणि पाइपचं फुलवलेलं तोंड एकाच जातीचं आहे का, तेही बघा.

जीएसटीचं बिल घ्या आणि परतीचं आधीच बोला. बहुतेक दुकानं तेल लागलेला मास्टर परत घेत नाहीत. म्हणून घरी आल्यावर तेल घालण्याआधी कोरडा बसवून सगळं जुळतंय का ते बघा. दुसऱ्या मास्टरचे माझे पैसे एवढ्याचमुळे परत मिळाले.

नवीन मिळतच नसेल तर जुन्याला स्लीव्ह टाकून घेता येते. वागळे इस्टेट, रबाळे, महापे भागात लेथवाले बोअर वाढवून आत पितळी किंवा स्टेनलेसची नळी बसवतात आणि मूळ मापाला आणतात. मात्र तेलाची बारीक भोकं नळीतून पुन्हा नेमक्या जागी पाडावी लागतात आणि त्यांच्या कडा गुळगुळीत कराव्या लागतात, नाहीतर वायसर तिथेच फाटतो. हे काम आधी केलेल्या माणसालाच द्या. गंज अगदी वरवरचा असेल तरच मेजर किटवर, म्हणजे आतले भाग तेवढे बदलण्यावर, समाधान माना.

६. बसवताना

मास्टर आधी टेबलावरच भरून घ्या. फ्लँज व्हाइसमध्ये धरा, बॉडी नको. डबीत तेल घाला, दोन भोकांतून नळ्या परत डबीत सोडा आणि पिस्टन सावकाश दाबत राहा. बुडबुडे थांबले की गाडीवर चढवा. हे टाळलंत तर नंतर तासन्‌तास हवा निघत नाही.

तेल डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ साधारण २३० ला, आणि ओलावा शिरला की हे आकडे झपाट्याने उतरतात. म्हणून सीलबंद छोटी बाटली घ्या, घरातली अर्धी उघडी नको. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. रबरी भाग धुवायला पेट्रोल, डिझेल, ग्रीस काहीही चालत नाही. रबर फुगतं. फक्त ब्रेक ऑइल.

आता दांडा. तिसरा मास्टर सगळ्या मापांनी बरोबर होता. शनिवारी बसवला, रविवारी सकाळी येऊरला निघाले. उपवन सोडून चढ लागला तशी गाडी जड वाटू लागली. दुसऱ्या गिअरमध्येही दम टाकेना. मग जळका वास. येऊरच्या फाटकाअलीकडे थांबवली, तर पुढच्या चाकाजवळ हात नेववत नव्हता. जॅक लावला, चाक हाताने हलेना. मिस्त्रीकाकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, पाइप सोडू नका. मास्टरचे दोन नट फक्त दोन-दोन आटे सैल करा." केले. बारीकसा 'चक्' आवाज आला आणि चाक फिरलं.

नव्या पिस्टनची खळगी जुन्यापेक्षा जराशी उथळ होती. त्यामुळे दांडा पिस्टनला कायम किंचित दाबून धरत होता, तेल डबीत परतायचं बारीक भोक झाकलं जात होतं आणि दाब लाइनीतच अडकत होता. प्रत्येक ब्रेकला तो वाढत गेला. फाटकाशीच दांड्याचा लॉकनट सोडून तो थोडा आखूड केला, नट पुन्हा आवळले आणि गाडी घरी आली.

हे घरीच तपासता येतं. डबीचं झाकण काढा, भोवती चिंधी धरा, आणि कुणाला तरी पेडल अगदी हलकेच दाबायला सांगा. पहिल्या हालचालीलाच डबीतल्या तेलात छोटी उसळी दिसली पाहिजे. दिसली नाही तर भोक आधीपासूनच झाकलेलं आहे, दांडा लांब आहे. आणि दांडा फार आखूड केला तर पेडल पोकळ जाईल. हाताने हलवल्यावर जाणवेल इतकीच मोकळीक ठेवा.

हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचं डावं. जुन्याच मास्टरवर हवा काढत असाल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एरवी कधी न गेलेल्या खोलीपर्यंत पिस्टन गेला की तिथला गंज वायसर फाडतो.

७. रस्त्यावर काढण्याआधी

इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण जोराने एक मिनिट धरा, मग सगळे नट आणि पाइप कोरड्या बोटाने चाचपा. चारही चाकं जॅकवर फिरवून बघा. पहिली चाचणी एमआयडीसीच्या आतल्या रिकाम्या रस्त्यावर, सुट्टीच्या दिवशी, वीसच्या वेगाने, मग चाळीसच्या. पाच किलोमीटरनंतर उतरून चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. एखादंच तापलेलं असेल तर परत फिरा. गायमुखचा घाट आणि मुंब्रा बायपासचा उतार पहिला आठवडाभर नकोच.

गाडी पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी, म्हणजे फॉर्म २५ भरताना, गाडीच्या तपासणीत ब्रेक बघितला जातो. काम त्याच्या आधी किमान पंधरा दिवस उरकून ठेवा, म्हणजे काही गळती असेल तर ती घरीच उघड होईल.

नव्या मास्टरचा नंबर, बोअर आणि खळगीची खोली मी बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवली आहे. जुना मास्टर पुसून, चिठ्ठी बांधून टूलबॉक्सात आहे.